ज्याचा चेहरा, त्याचा शब्द

माझ्या फिल्ममधून बाबांना काढून टाकायचं, हे बाबांनीच ठरवलं. दुपारी एडिटिंगच्या खोलीत आले, चपला दाराशी काढल्या, स्टुलावर बसले आणि सगळी फिल्म पहिल्यापासून लावायला सांगितली. ती शेवटपर्यंत बघितली. मग उठता उठता म्हणाले, "चांगली झालीय. मला काढ."

मी हसले. पडद्यावर पोट सुटलेलं दिसतंय म्हणून लाजताहेत, असं मला वाटलं. ते मात्र हसले नाहीत.

आमच्या फिल्म मंडळाचा नियम आहे: ज्याचा चेहरा, त्याचा शब्द शेवटचा. कॅमेऱ्यात आलेल्या प्रत्येकाला फिल्म आधी दाखवायची आणि तो 'काढा' म्हणाला की निमूट काढायचं, कारण विचारायचं नाही. नियम आत्याने घालून दिला, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीने. ती लहान असताना शहरातले लोक कॅमेरे घेऊन आमच्या वस्तीवर आले होते. त्यांनी काढलेला तिच्या आजीचा फोटो अजून एका म्युझियममध्ये टांगलेला आहे. खाली लिहिलंय, 'आदिवासी वृद्धा'. जिच्या नावाने अख्खी वस्ती चळाचळा कापायची, ती माझी पणजी तिथे नुसती वृद्धा होऊन बसलीय. फोटो उतरवा म्हणून आत्याने तिथे खेटे घातले. दर वेळी त्यांनी तिला प्यायला पाणी दिलं आणि बाहेरचा रस्ता दाखवला. शेवटी तिने शाळेमागच्या पडक्या गोदामात मंडळ काढलं आणि आम्हाला कॅमेरा धरायला शिकवलं.

बाबा होड्या कोरतात. अख्खा ओंडका घेऊन वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीने, आतून तासत जातात. माझी फिल्म त्या कामाची आहे, आणि माझी नि कुरळीचीही. कुरळी माझी जोडीदार. कितीतरी वर्षं आम्ही एका घरात राहतोय, तरी वस्तीवर तिला 'पाहुणी' म्हणतात. एवढा मुक्काम ठोकलेली पाहुणी मी तरी दुसरी पाहिली नाही. फिल्मच्या मध्यावर बाबा आमच्या दोघींसाठी होडी करतात. तासता तासता, कॅमेऱ्याकडे न बघता सांगतात, "जोडप्याची होडी जरा लांब ठेवावी लागते. भांडण झालं की एकीला सरकून बसता आलं पाहिजे." आम्हाला कोणी जोडपं म्हणायची ती पहिलीच वेळ होती. कॅमेरा धरून मी रडले होते, म्हणून तिथे चित्र थोडं हलतं.

बाबांच्या मागे कोण होतं ते कळायला वेळ लागला नाही. थोरले काका. ते वस्तीचे प्रमुख, आणि बाबांचे सख्खे भाऊ. बाहेरच्यांना आपण आधीच रानटी वाटतो, त्यात हे थेर जगाला दाखवायचे का, असं त्यांचं म्हणणं. मला आणि कुरळीला फिल्ममधून काढा, असं सांगायला ते आधी आत्याकडे गेले होते. तिने विचारलं, दुसऱ्याच्या चेहऱ्याचं ठरवणारा तू कोण, म्युझियमवाला? मग ते बाबांकडे वळले. जंगलातून ओंडका नदीपर्यंत ओढायला पंधरा-वीस माणसं लागतात. बाबा त्या फिल्ममध्ये दिसले, तर एकही माणूस दोराला हात लावणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. बाबांना दुसरं काम येत नाही.

मला बाबांचा राग आला. खूप आला. काकांचा यायला हवा होता, पण आला बाबांचा.

कुरळीने तोड काढली. वस्तीवर दाखवायला बाबा नसलेली एक कॉपी करायची, आणि महोत्सवांना बाबा असलेली पाठवायची. बाबा कुठे परदेशात बघायला येणार आहेत. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू. पण पणजी भिंतीवर लटकली ती नेमकी ह्याच हिशेबाने. ती कुठे बघायला येणार होती? मी कुरळीला नाही म्हटलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघी होडीच्या दोन टोकांना बसलो.

बाबांना काढलं. चेहरा काढला, आवाज काढला. हातांचं काय, म्हणून विचारायला गेले, तर म्हणाले, हातही माझेच आहेत. हातही काढले. आता अलीकडचं पलीकडचं जोडून टाकलं असतं, तर कोणाला पत्ता लागला नसता. मी जोडलं नाही. बाबा जेवढा वेळ होते तेवढा वेळ पडदा काळा ठेवला आणि आवाज बंद. माणूस काढा म्हणाला तर काढायचा, असा नियम आहे. तो कधी नव्हताच असं दाखवा, असं त्यात कुठेही नाही.

पहिला खेळ नेहमी वस्तीवर होतो, गोदामातच. खिडक्यांना घोंगड्या लावतो आणि एक कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवून ठेवतो. कोण कुठे हसलं, कोण कुठे पेंगलं, ते त्यातून कळतं. काका पुढच्या रांगेत बसले होते, शेजारी त्यांची चार माणसं. बाबा मागे, भिंतीला टेकून.

पडद्यावर ओंडका आला. मग पडदा काळा झाला. लोकांनी आधी पंख्याकडे बघितलं, पण पंखा फिरत होता. काकांनी मान वळवून मशीन बिघडलं का, असं विचारलं.

"मशीन ठीक आहे, काका," मी म्हटलं. "इथे एक माणूस होता. तो काढा म्हणाला, आम्ही काढला."

कोण, असं कोणी विचारलं नाही. होड्या कोरणारा वस्तीत एकच आहे. एकेक करत सगळी डोकी मागे वळली. पडदा काळाच होता आणि बाबा त्याच्याकडे बघत होते. मग उजेड झाला आणि होडी तयार होऊन पाण्यात उभी होती. कोणीच न केलेली होडी. मी आणि कुरळी तिच्यात बसून हसत होतो.

फिल्म संपली, टाळी वाजली नाही. बाबा उठले आणि भर सभेत मला म्हणाले, मला परत घाल. माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, काढायला कारण लागत नाही, पण घालायला होकार लागतो, आणि तो कॅमेऱ्यासमोर द्यावा लागतो. ते पुढे आले. आत्याने एकदोन घोंगड्या वर केल्या. बाबा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, काकांची रांग त्यांच्या पाठीमागे.

"ही माझी मुलगी. ती कुरळी, हिची घरची," ते म्हणाले. "त्यांची होडी मी केली. ओंडके ओढायला माणसं लागतात, म्हणून मी भ्यालो. माणसं येणार नसतील तर येऊ नका. मी लहान होड्या करीन. आम्हाला तिघांना ओढवतील एवढ्या."

कुरळी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

काका उठले. त्यांचा आवाज चढला नाही. "कॅमेरा चालू आहे ना? मग माझा चेहरा काढा," असं म्हणून ते निघाले. त्यांची चार माणसंही तेच बोलून त्यांच्या मागोमाग गेली.

नियम म्हणजे नियम. बाबांना मी त्यांच्या जागी परत घातलं आणि त्यांचा होकार फिल्मच्या शेवटी जोडला. मग त्यातून त्या पाचजणांना काढायला बसले. एकेका चित्रातून, डोक्यापासून चपलांपर्यंत, काही ठेवलं नाही. बाबांनी ह्या मोसमात छोट्या होड्या केल्या. ओंडके आम्ही ओढले, खांदे सोलून निघाले.

फिल्म आता देशोदेशी फिरतेय. शेवटी बाबा बोलत असतात आणि त्यांच्या मागे पाच खुर्च्यांत पाच काळी भोकं बसलेली दिसतात. जिथे जाते तिथे कोणीतरी हात वर करून विचारतंच, ते कोण म्हणून. मी सांगते, ते आमच्या वस्तीचे प्रमुख आणि त्यांची माणसं, आणि त्यांना काढा असं त्यांनी स्वतःच सांगितलं.