आदर्श घर क्रमांक एक

ज्या वर्षी पोलाद कारखान्याच्या विस्ताराचे काम धडाक्यात सुरू झाले, त्याच वर्षी सुपेल्याच्या बाजारामागील खलाशी वस्तीची उन्नती करण्याचेही ठरले. क्रेनच्या दोराला लोखंड बांधून ते वर चढवणाऱ्या कामगारांना कारखान्यात खलाशी म्हणत. सेक्टर दोनमधल्या पक्क्या क्वार्टरांच्या यादीत ज्यांची नावे बसली नाहीत, त्यांनी येथे मातीची घरे उभी केली होती. वस्ती उन्नती मंडळ नावाच्या एका नव्या कचेरीने जाहीर केले की, प्रत्येक वस्तीतील एक घर निवडून ते आदर्श करण्यात येईल, आणि ते पाहून उरलेली घरे आपोआप आदर्श होतील.

ह्या घोषणेच्या उत्तरार्धावर वस्तीत कोणीही विश्वास ठेवला नाही. पूर्वार्धावर मात्र देवरावाने ठेवला. देवराव हा वाचणारा माणूस होता. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, त्याच आठवड्यात त्याने प्रौढांच्या वर्गात नाव घातले, आणि तेव्हापासून छापील कागदावर त्याची निष्ठा जडली ती जडलीच. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीदेखील तो अखेरच्या ओळीपर्यंत वाचत असे, आणि तिच्यातला एखादा मुद्दा पटला नाही तर औषध घेत नसे. त्याच्या एकुलत्या एका मुलीला, चंपाला, दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ह्यात दुमत नव्हते. आणि माहेरच्या छपरातून तर जागोजाग आकाश दिसत होते. चंपा येण्यापूर्वी घर आदर्श झाले तर नातवंडाच्या डोक्यावर धड कौले येतील, असा विचार करून देवरावाने चार पानी अर्ज लिहिला. मंडळाकडे आलेला तो एकमेव अर्ज असल्यामुळे तो सर्वोत्कृष्ट ठरला.

मंडळाचे पर्यवेक्षक कृष्णराव हे गोंदियाकडच्या एका रेल्वे गार्डाचे चिरंजीव. गृहस्थ सभ्य, परंतु वरून आलेल्या कागदापुढे त्यांचा जीव एवढाएवढासा होई. त्यांनी दोन महिने खपून देवरावाच्या घराचा कायापालट केला. छपरावर नवी कौले चढली, खाली सिमेंटची फरशी आली, भिंती चुन्याने पांढऱ्याशुभ्र झाल्या. धुराड्याची निर्धूर चूल बसली. एका कोपऱ्यावर ‘माता-बाल कोपरा’ अशी पाटी लागली. तेथे एक नवी बाज, एक पाळणा आणि पाळण्यात सेल्युलॉइडची एक गुबगुबीत बाहुली. तोवर देवराव आणि त्याची बायको राधाबाई घराच्या पाठीमागे चटया आणि टिनाचा आडोसा करून राहत होती. काम संपले त्या दिवशी कृष्णरावांनी दाराला कुलूप घातले आणि वर फलक ठोकला: ‘आदर्श घर क्रमांक एक. येथे एक सुखी कुटुंब राहते. आत जाण्यास मनाई आहे.’

“साहेब, कुलूप कावून लावून राहिले?” देवरावाने विचारले.

“घर पूर्ण झालं, देवराव. आता ते बिघडता कामा नये.”

“आमी राहाले गेलो त बिघडंल?”

“राहूनही बिघडलं नाही, असं एक तरी घर तुम्ही पाहिलंय का?”

देवरावाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. पाहिलेले नव्हते.

त्यानंतर दर गुरुवारी पाहुणे येऊ लागले. कृष्णराव कुलूप उघडत, पाहुणे जोडे काढून आत जात, चुलीसमोर उभे राहून मान डोलावत आणि बाहेर येत. सुखी कुटुंब म्हणून राधाबाईला ओट्यावर बसवण्यात येई. त्यासाठी मंडळाने तिला एक कोरे लुगडे दिले होते, आणि पाहुणे गेल्यावर ते घडी करून परत घेतले जाई. एकदा चष्मेवाल्या एका बाईंनी तिला विचारले, “काय हो, आता सुखात आहात ना?”

“घर सुखात हाय जी,” राधाबाई म्हणाली. “आमी मागं राहतो.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतले आणि फार समाधानाने गेल्या.

मे महिन्यात चंपा आली. नववा महिना भरत आलेला. स्टेशनापासून सायकल रिक्षात बसून येता येता तिला घाम फुटला होता. फलकासमोर ती थांबली.

“बाबा, आपलं घर कोन्तं?”

“हे समोरचं.”

“मंग आपन मागं कावून चाललो?”

देवरावाने तिला सर्व योजना मुद्देसूद समजावून दिली. त्याला बराच वेळ लागला. ऐकून झाल्यावर चंपा टिनाखाली बसली आणि लगेच उठली; दुपारच्या उन्हात त्या टिनावर भाकरी भाजून निघाली असती. शेजारची ठकूबाई ही वस्तीची सुईण. तिने चंपाचे पोट चाचपले, आडोशाकडे एक नजर टाकली आणि कमरेवर हात ठेवले.

“ह्या तव्याखाली बाळंतपन? मायलेकरं दोघंबी भाजतीन, राधे. माह्या घरात त सात मानसं हायेत, नाई त म्याच नेली असती. दहा दिवस हायेत. तुह्या नवऱ्याले म्हन, कागद वाचनं सोड अन् कुलूप खोल.”

“आयकलं का?” राधाबाई नवऱ्याकडे वळली. “थो अर्ज केला नसता त गळक्या का होईना, पन घरात बाळंत झाली असती पोरगी. सुधारनेनं आमाले उंबऱ्याच्या बाहेर काढलं!”

ज्या कागदाने घर गेले, त्याच जातीच्या कागदाने ते परत मिळेल, अशी देवरावाची श्रद्धा होती. कुलूप फोडणे हा त्याच्या दृष्टीने युक्तिवाद नव्हता. मंडळाची बत्तीस पानी पुस्तिका तो घरासमोरच्या पिंपळाखाली बसून तीन दिवस वाचत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पुस्तिका उंच धरून कृष्णरावांच्या कचेरीत शिरला.

“साहेब, कलम एकोणीस. ‘माता-बाल कोपऱ्याचा उपयोग प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाद्वारे दाखवून द्यावा.’ दाखवला का तुमी?”

“पाळण्यात बाहुली आहे ना.”

“बाहुली थे बाल झालं. माता कुठं हाय?”

कृष्णरावांनी बोटांवर मोजले. फेब्रुवारीपासून बारा गुरुवार होऊन गेले होते, आणि कलम एकोणीस अर्धेच पाळले गेले होते.

“पन माझ्यापाशी माता हाय,” देवराव हळूच म्हणाला. “अन् बालबी येऊन राहिलं.”

“अहो, पण जिवंत माणूस प्रदर्शनात कसं ठेवणार? ती हलेल. ओरडेल.”

“मंग ‘प्रत्यक्ष’ शब्द कावून घातला? खोडून टाका, मी जातो.”

छापील शब्द खोडण्याची कल्पना कृष्णरावांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी वरती पत्र पाठवले. पाचव्या दिवशी उत्तर आले: सदर प्रसूतीचे प्रात्यक्षिक गुरुवार, दिनांक सोळा मे रोजी सकाळी अकरा ते एक या वेळेत करण्यास मंजुरी देण्यात येत आहे, घर पूर्ववत स्वच्छ करून वेळेत परत करावे, पाहणीसाठी पाच सदस्य उपस्थित राहतील.

ठकूबाईला पत्र वाचून दाखवले तेव्हा ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. “एक वाजता फाटक बंद? सांग वं चंपे तुह्या पोराले, म्हना हजेरी लागते, टायमावर ये.”

चमत्कार असा की पोराने जवळजवळ ऐकले. सोळा तारखेला सकाळी आठच्या सुमारास चंपाला कळा सुरू झाल्या. दहा वाजल्यापासून ती बंद दाराशी ओट्यावर भिंत धरून उभी होती, कारण मंजुरी अकरापासूनची होती. राधाबाईने लेकीची पाठ चोळता चोळता कृष्णरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अकराला पाच कमी असताना ठकूबाई पुढे झाली, आणि पर्यवेक्षकांच्या हातातून किल्ली तिने इतक्या सहज काढून घेतली की ती आपल्या हातात नाही, हे त्यांना दार उघडल्यावर कळले.

पाच सदस्य बरोबर अकरा वाजता आले. ठकूबाईने त्यांना उंबऱ्यातच अडवले.

“बायामान्साचं काम हाय. बाप्ये बाहेर.”

“परंतु आम्हाला पाहणी करायची आहे,” वयस्कर अध्यक्ष म्हणाले.

“तुमच्या बायकोच्या येळेस केली व्हती का?”

अध्यक्षांनी पाहणी बाहेरूनच करण्याचे ठरवले. पिंपळाखाली पाच खुर्च्या मांडण्यात आल्या. पाणी तापवण्यासाठी ठकूबाईने निर्धूर चूल पेटवली. ती चूल तोपर्यंत कोणी पेटवलीच नव्हती. आणि बाहेरून घर नीटस दिसावे म्हणून रंगाऱ्याने धुराड्याचे तोंड चुन्याने लिंपून टाकले होते. क्षणात दारातून, खिडकीतून, कौलांच्या फटींतून धूर वाहू लागला. सदस्य खोकत खुर्च्यांसह मागे सरकले. आतून ठकूबाईचा आवाज आला, “निर्धूर म्हन्ते मेले! राधे, खिडकी उघड, न उघडली त फोड!” काच फुटल्याचा आवाज झाला.

एक वाजला. कृष्णरावांनी घड्याळ पाहिले, सदस्यांकडे पाहिले, आणि गुडघ्यावर कागद ठेवून अर्ध्या तासाची मुदतवाढ लिहिली. दीड वाजता आणखी अर्ध्या तासाची लिहिली. दोन वाजता तिसरी लिहायला घेतली. देवराव दाराशी उभा होता. हातात पुस्तिका होती. पण आतल्या किंकाळ्यांवर एकाही कलमात काही सांगितलेले नव्हते, आणि आयुष्यात प्रथमच त्याला वाचावेसे वाटत नव्हते.

“साहेब,” तो म्हणाला, “अजून लिवा. थांबू नका.”

“लिहितो, देवराव. तुम्ही बसा बरं खाली.”

दोन वाजून वीस मिनिटांनी एक बारीक, संतापलेला आवाज घरातून बाहेर पडला. देवरावाने पुस्तिका ओट्यावर ठेवली. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णरावांनी रुमालाने डोळे पुसले, धूर फार आहे असे म्हटले, आणि कागदावर लिहिले: ‘प्रात्यक्षिक यशस्वी.’ मग त्यांना आपले कर्तव्य आठवले आणि ते दाराशी गेले.

“राधाबाई, अभिनंदन. आता बाळंतिणीला मागे हलवू या.”

काजळीने काळी झालेली राधाबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. “सव्वा महिना बाळंतीन खोली सोडत नाई.”

“पण तुम्ही तर बौद्ध. तुम्ही विटाळ मानत नाही ना?”

“विटाळ नाई मानत. आराम मानतो.” तिने चौकट सोडली नाही. “साहेब, तुमाले जन्म देल्यावर तुमच्या मायनं कितव्या घंट्यात जागा खाली करून देली व्हती?”

कृष्णरावांनी हातातला कागद पुन्हा उघडला. मग त्यांनी ‘यशस्वी’ हा शब्द खोडला. छापील नव्हता, म्हणून खोडता आला. त्याजागी त्यांनी लिहिले: ‘प्रात्यक्षिक अद्याप चालू आहे.’

ते चाळीस दिवस चालले. बाजेखाली निखाऱ्यांचा शेक सुरू झाला. ओवा-लसणीच्या धुरीने उरलेला पांढरेपणा गेला. तेलमालिशीचे हात भिंतीला लागले, फुटक्या खिडकीत लंगोट वाळू लागले. बाहुली दोरीने बांधून पाळण्यावर टांगली, आणि पाळण्यात खरी मुलगी आली. बाराव्या दिवशी त्रिशरण-पंचशील म्हणून तिचे नाव गौतमी ठेवले. वस्तीतल्या सगळ्यांनी दाटीवाटीने सिमेंटच्या फरशीवर बसून बुंदी खाल्ली. गुरुवारचे पाहुणे येत, नाकाला रुमाल लावत आणि लवकर जात. शेवटच्या दोन गुरुवारी कोणी आलेच नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी कृष्णराव कागद घेऊन आले. घराची आदर्श अवस्था नष्ट झाल्यामुळे त्याचे नाव यादीतून वगळण्यात येत असून ते मूळ राहणाऱ्याच्या ताब्यात देण्यात येत आहे. मात्र त्याने खालील निवेदनावर सही करावी. निवेदन एका ओळीचे होते: ‘मी व माझ्या कुटुंबाने सदर घर त्यात राहून बिघडवले.’

देवरावाने ते दोनदा वाचले. राधाबाईने त्याचा चेहरा ओळखला आणि लेकीकडे हताशपणे पाहिले.

“ह्याले माझी हरकत हाय,” देवराव म्हणाला. “बिघडवलं नाई. वापरलं.”

“देवराव, हात जोडतो. वापरलं म्हणून कळवलं तर ते आदर्शच राहिलं असं वरचे धरतील. म्हणजे पुन्हा कुलूप.”

“पन हे खोटं हाय.”

“अवो!” राधाबाई कडाडली. “पोरगी पयले राहू द्या घरात, मंग खऱ्याखोट्याचं पाहू!”

देवरावाने आत नजर टाकली. चंपा मुलीला थोपटत होती. भिंत तिच्या डोक्यामागे चांगली हातभर काळी पडली होती. त्याने टाक घेतला आणि, न पटलेल्या मजकुराखाली, जन्मात पहिल्यांदा सही केली. परंतु कागद परत देण्यापूर्वी तो थांबला, आणि सहीच्या खाली बारीक, नेटक्या अक्षरांत त्याने स्वतःची एक ओळ जोडली: ‘व यापुढेही बिघडवत राहू.’

कृष्णरावांनी ती ओळ वाचली, तिच्यावर टिपकागद दाबला, आणि फाइल बंद केली.