कौसल्याबाईचं ताट

डबे उघडायची वेळ झाली की शिक्षकांच्या खोलीतलं कपाट उघडायचं. बद्रीनाथ सरांना स्टीलचं ताट, दैवशाला मॅडमना स्टीलचं ताट आणि नव्या संध्या मॅडमना चकचकीत कागदी प्लेट.

"तुम्हाला घासायचा ताप कशाला, मॅडम? खा अन् द्या फेकून," दैवशाला मॅडम गोड हसायच्या.

संध्याला आधी ती माया वाटली. चौथ्या दिवशी परतूरची एक शिक्षिका पाहुणी म्हणून आली. तिला मात्र ताट मिळालं. संध्या बौद्ध, हे एव्हाना शाळेत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. विटाळ पाळायची ही नवी तऱ्हा, आणि वर धुतल्या तांदळासारखा चेहरा! संतापाने तिने डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी जाफराबादच्या घरून निघताना तिने पिशवी भरली. भाकरी फडक्यात, भाजी डब्यात, पाणी तांब्याच्या बाटलीत. सगळ्यांत वर आईचं ताट, मधोमध कोरलेलं: 'कौसल्यास सप्रेम, जय भीम.'

जेवताना तिने कागदी प्लेट परत सरकवली. "कचरा होतो, मॅडम. भिंतीवर 'कचरामुक्त शाळा' आपणच रंगवलंय ना?"

जेवली, ताट घासलं आणि कपाटात बाकीच्या ताटांमध्ये नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीत पडलेलं. तिने उचललं, जेवली, घासलं, पुन्हा कपाटात. पंधरा दिवस हेच चाललं. कंटाळायचं असेल तर खिडकीत ठेवणारीने कंटाळावं, ती मुळीच कंटाळणार नव्हती.

मग दैवशाला मॅडम रजेवर गेल्या. बद्रीनाथ सरांनी हाताला आलं ते ताट ओढलं आणि डब्यातला वरणभात त्यात ओतला. संध्याने ते पाहिलं. शाळेचं एक ताट काढून ती शेजारीच बसली.

अर्धा भात सरला तशी अक्षरं उघडी पडली. सरांचा हात थांबला. ते ताटाकडे बघत राहिले, मग दाराकडे. बाहेर व्हरांड्यात पोरांची पंगत बसली होती.

"काय झालं, सर?"

"न्हाई, काही न्हाई. भूकच मेली जरा."

"पण ताटात टाकायचं न्हाई, सर. पोरांना रोज तुम्हीच सांगून राह्यले."

सर खाली मान घालून शेवटच्या शितापर्यंत जेवले. ताट घेऊन नळाकडे निघाले.

"घासून झालं की कपाटात ठेवा, सर," संध्या म्हणाली. "खिडकीत न्हाई."