नाव वर, पेटी खाली

डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढलं तेव्हा बेलवलीतल्या चार-दोन बायकांना मनातून बरं वाटलं असणार. गोदूबाई आता कुणाला टोचून बोलणार नाही. त्यांना काय ठाऊक, मी पाटी घेतली. दुसरीपर्यंत शिकले होते. अक्षरं गंजली होती, ती घासून काढली. फक्त टोमणा लिहायला वेळ लागतो आणि तोवर समोरची निघून जाते.

मी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. मांडव घालायचा, हळद लावायची, कशालाही धवळा लागतो, आणि तो गायल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. त्यातला आवतणाचा धवळा सगळ्यांत मोठा. आधी देव, मग गावदेवी, मग घरातली गेलेली माणसं. एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, या, मांडवात बसा, पोरीला हळद लागते. ज्याचं नाव घेतलं तो येतो. ज्याचं राहिलं तो वेशीबाहेर उभा. सासूने मला असं सांगितलं आणि मी ते तपासायला कधी गेले नाही.

ऑपरेशन ठरलं तेव्हा माझा महिपती म्हणाला, "आई, गळा जायचा तो जाईल, धवळे नाय जाऊ द्यायचे." रोज ड्यूटीवरून आला की खाटेवर बसायचा, फोन माझ्यासमोर धरायचा आणि मी गायचे. आवतणात कुणाची नावं घेऊ विचारलं, तर म्हणाला, आपल्याच घरची घे. गाणं संपलं तरी मी थांबायची नाही, म्हणून प्रत्येकाच्या शेवटी तो विचारायचा, "झालं आई? बंद करू?" ते सगळं आत भरलं गेलंय.

पुढच्याच वर्षी तो मोरिवलीहून ड्यूटी करून आला, बाइक लावली, उंबऱ्यावर बूट काढायला बसला आणि उठलाच नाही.

त्याची पोरगी वैष्णवी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या ऑफिसात जीन्सवाल्यांच्या वेबसाइट बनवते. बाप गेल्यावर तिने माझे सगळे धवळे एका वेबसाइटवर चढवले. लांबलांबच्या पोरी तिथे येतात, शोधायच्या पेटीत "हळद" लिहितात आणि हवं ते गाणं उचलतात. महिपतीचा आवाज कापून टाकणं तिच्याच्याने झालं नाही. माझी सून काशी म्हणूनच ते पान कधी उघडत नाही.

वैष्णवीचं सोनिवलीच्या मुलाशी ठरलं. गाणार कोण? मीच, फोनमधून. मी ऐटीत आवतणाचा धवळा लावून ऐकायला बसले. जोमा आला, म्हणजे माझा आजेसासरा. धाया आला, सासरा. चंदू आला, माझा नवरा. आणि धवळा संपला. "झालं आई? बंद करू?"

महिपतीचं नाव नव्हतंच. असेल कसं? तो तर समोर फोन धरून बसलेला.

लेकीच्या हळदीला सगळी मेलेली माणसं येणार आणि बाप वेशीबाहेर उभा राहणार. त्या दिवसापासून अन्न गोड लागेना.

वैष्णवी म्हणाली, "आजी, मोरिवलीच्या बनूआजीला बोलवू या ना. ती गाईल."

मी लिहिलं, "मी मेल्यावर."

बनूबाई आणि मी एकाच काळातल्या धवलारणी. तिचा गळा म्हणजे मिरची कुटायचा डंक. आयुष्यभर मी तिला माझ्या मांडवात गाऊ दिलं नाही.

पुतण्याचा मुलगा भावेश साउंडचा धंदा करतो. तो म्हणाला, "आजी, कंप्युटर तुझ्या आवाजात काकाचं नाव बोलेल. हुबेहूब." त्याला पाटी दाखवली. "मशीनच्या तोंडून माझा पोरगा यायचा नाही."

मग मला सुचलं. धवळा ज्या पानावरून वाजणार, त्या पानाच्या माथ्यावर महिपतीचं नाव लिहायचं. मोठं, सगळ्यांच्या वर. खाली माझा आवाज, वर त्याचं नाव. मांडवात फोन कलशाजवळ पाटावर मांडायचा. तोंडाने घेता येत नाही तर डोळ्यांसमोर तरी असेल.

वैष्णवीने लॅपटॉप उघडला. "आजी, ही थीम रेडिमेड हाय. हेडरमध्ये वेबसाइटचं नाव आणि बाजूला सर्च बॉक्स. असंच येतं ते."

"तुझ्या उल्हासनगरात रेडिमेड जीन्स आल्टर करून देतात का नाही?"

ती हसली. बापासारखी हसते, आधी नाक हसतं. "देतात. यालाही तेच करायचं. कस्टम सीएसएस म्हणतात. कापड तेच, वरून आपण टाके मारायचे."

"मग मार."

लॅपटॉपवर नाव झकास बसलं. फोनवर उघडलं तर शोधायची पेटी सरकून नावावर चढलेली. "महि" दिसत होतं, बाकीचं पेटीच्या पोटात.

"बापाच्या छातीवर बसवलीस," मी लिहिलं.

"थांब गो जरा. स्क्रीन बारीक झाली की बॉक्सने खाली उतरायचं, असं सांगते त्याला."

सांगितलं. पेटी गायबच झाली. मी लिहिलं, "बरं झालं."

"बरं काय? पोरी गाणं शोधणार कशा? तुझे धवळे कुणी ऐकले नाय तर मग मलाच बोलशील."

ते खरं होतं. लग्नाची खरेदी, पार्लर, पाहुणे, सगळं सांभाळून पोरगी संध्याकाळी माझ्याजवळ बसायची आणि आकडे बदलायची. अंतर वाढव, रुंदी कमी कर. एक दिवस नाव दोन ओळींत तुटलं. दुसऱ्या दिवशी पेटी इतकी रुंद झाली की पान आडवं सरकायला लागलं. शेवटी नाव वर, पेटी खाली, असं जमलं.

सकाळी मी महिपतीच्या फोटोला कुंकू लावते, तसं त्या नावालाही बोट लावलं. बोट पडलं पेटीवर. खालून कीबोर्ड उसळला, पान वर गेलं आणि नाव दिसेनासं झालं. वैष्णवी आधी हसली. मग माझं तोंड बघून लॅपटॉप पुढे ओढला.

"मांडवात बायका हळद लावतील त्याला," मी लिहिलं. "असं झालं तर?"

तिने मध्ये ऐसपैस जागा सोडली आणि लांबून बघितलं. "एवढं रिकामं बरं नाय दिसत आजी."

"तुझ्या आईच्या कपाळासारखं दिसतं."

काशी मागे चहा घेऊन उभी होती. तिने वाचलं. कप ठेवला आणि आत गेली. मी पाटी पुसली.

वैष्णवीने लॅपटॉप बंद केला. "आईला का बोलतेस? तू एकटीच आवतण नाय देत त्याला. माझी हळद हाय. मला पण बाप पायजे मांडवात."

मी खडू खाली ठेवला. 

हळदीच्या दुपारी दारात मांडव भरला होता. पाटावर कलश, कलशाला टेकून फोन, फोनची वायर भावेशच्या स्पीकरच्या बॉक्सला. महिपतीचं नाव ठसठशीत दिसत होतं. भावेशला बजावून ठेवलं होतं की धवळा संपता संपता, महिपती बोलायच्या आत आवाज तोडायचा, काशी मांडवात आहे.

बनूबाई पाहुणी म्हणून आली आणि नेमकी पुढे बसली. "गोदू, तुझा गला फोनमधी गेला गो. आमचा आपला अंगावरच हाय." मी लिहायला घेतलं, "म्हणून कुणी चोरत नाही." लिहून वर बघते तर ही शेजारणीशी साडीबद्दल बोलत होती.

भावेशने आवतण लावलं. माझा आवाज मांडवात उठला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. देव आले, गावदेवी आली. मग सवाष्णी हळदीची वाटी घेऊन उठल्या. पहिल्यांदा मांडवाच्या खांबाला बोटं लावली, मग कलशाला. मग विठाला, भावेशच्या आईला, ते नाव दिसलं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि नावाला हळद लावली. तिचं बघून दुसरीने लावली. मग तिसरीने. सगळ्यांनी अगदी मनापासून लावली. ओली हळद, चांगली चमचाभर.

त्या बाजूला झाल्या तेव्हा पानाचा माथा पिवळा लडबडलेला होता. नावाचं एक अक्षर दिसत नव्हतं. खाली पेटी तेवढी पांढरी, स्वच्छ. तिला कुणी बोट लावलं नव्हतं.

पाटावर बसलेल्या वैष्णवीचे दोन्ही हात हळदीने भरलेले. ती नुसती फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

बॉक्समधून मी गात होते. जोमाला बोलावलं. धायाला बोलावलं. आणि मला कळलं की नाव दिसलं असतं तरी काय झालं असतं? जोमा, धाया यांना कुणी पानावर लिहून दाखवलं होतं? ते हाक ऐकून येतात. इतके दिवस मी एका पोरीला अंतरं मोजायला लावली आणि माझा पोरगा वेशीवरच उभा होता.

चंदूचं नाव आलं. पुढे दोन ओळी, की संपलं.

मी पाटी मांडवाच्या खांबावर आपटली. पुन्हा आपटली. भावेशने दचकून आवाज थांबवला. बायकांना वाटलं बॉक्स बिघडला.

मी लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली. उठले आणि पाटी बनूबाईच्या मांडीवर ठेवली.

ती पाटीकडे बघते, माझ्याकडे बघते. "काय लिवलंस गो? मना कुठं वाचता येतं?"

 वैष्णवीला हळद लागलेली, तिला पाटावरून उठता येत नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून काशी आली. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाच्या ठिकाणी ती मागेच बसते. नवऱ्याचं नाव तर तो जिवंत असतानाही तिने उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं. तिने वाकून पाटी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"महिपती. चंदूच्या मागं. तू गा."

मला वाटलं बनूबाई आता वचपा काढणार. मी तिच्या जागी असते तर काढला असता. पण तिने पदराने तोंड पुसलं, डोळे मिटले आणि सुरू केलं. सूर माझ्यापेक्षा खालचा लागला. शेवट नेहमीसारखा ओढला, मला कधी न आवडलेला. "महिपती बाला मांडवी ये, लेकीला हळद लागते ये." तिने दोनदा म्हटलं. काशी तिथेच जमिनीवर बसली. वैष्णवीने हळदीचे हात तोंडावर घेतले.

माझ्या मुलाला हाक गेली. माझ्या गळ्यातून नाही गेली.

भावेशने डोळे पुसत पुन्हा बटण दाबलं. राहिलेल्या दोन ओळी मी बॉक्समधून म्हटल्या आणि धवळा संपला. तोडायचं भान भावेशला राहिलं नाही. मोठ्या बॉक्समधून, साऱ्या मांडवावर, महिपती बोलला.

"झालं आई? बंद करू?"

 सगळे माझ्याकडे बघत होते, मी उत्तर देईन म्हणून. पाटी बनूबाईच्या मांडीवर राहिली होती.