तीन मण्यांच्या दोरीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी दोरी आहे. लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन मणी माझ्यात ओवलेले आहेत. डोळ्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला स्वतःच्या हाताने तयार केले. माझे एक टोक दाराच्या कडीला बांधायचे, दुसरे नाकाच्या शेंड्याला टेकवायचे आणि एकेका मण्यावर दोन्ही डोळे एकत्र रोखायचे. कित्येक मुलांचे डोळे मी असे वळणावर आणले. बाई म्हणायच्या, "ही दोरी म्हणजे माझा उजवा हात!" मी फुलून जायचे.

मग बाईंच्या दवाखान्यात डोळ्यांच्या व्यायामासाठी संगणकाचा मोठा पडदा आला. त्यावर रंगीत मासे पोहत, गुण मिळाले की घंटा वाजे. मुले त्याच्याभोवती गोळा होत आणि मी खुंटीवर धुमसत लटकत असे. वीज गेली की मला कोण आनंद व्हायचा!

एकदा बस चालवणाऱ्या एक मावशी लेकीला घेऊन आल्या. डोक्याला मार लागल्यापासून त्यांना एकाचे दोन दिसत. त्यांची बस दुसऱ्याच्या हाती गेली होती. पडद्यापुढे बसताच त्या कासावीस झाल्या.

"बाई, हे मासे नकोत. मळमळतंय मला."

बाईंनी मला खुंटीवरून काढले आणि घरी न्यायला मावशींच्या हाती दिले. जाताना मी पडद्याला असा काही तोरा दाखवला की विचारू नका!

मावशींच्या घरी लेक रोज विचारे, "आई, पिवळे मणी किती?"

"दोनच. सोड गं ती दोरी. माझं काही खरं नाही."

"मी नाही सोडत. तू बघ."

मावशी चिडत, डोळे पुसत, पुन्हा बघत. एका सकाळी त्यांनी पिवळ्या मण्यावर डोळे रोखले. मग हळूच म्हणाल्या, "अगं... एकच आहे!" लेकीने त्यांना मिठी मारली. मी मधल्यामध्ये चुरगळले, पण हूं की चूं केले नाही.

पुढे डॉक्टरांनी पुन्हा बस चालवायची परवानगी दिली. पहिल्या फेरीला लेकीने मला खिशातून नेले. मावशींनी बसच्या स्टिअरिंगचे चाक दोन्ही हातांनी कुरवाळले. खरे सांगते, मला त्या चाकाचाही हेवा वाटला.

आता मी त्यांच्या खणात गुंता होऊन पडले आहे. शेजारची कात्री सारखी बाहेर जाते आणि ऐटीत परत येते. मित्रांनो, डोळ्यांचा त्रास लपवू नका. आणि बरे झालात की माझ्यासारख्या दोरीच्या गाठी सोडवून तिला दवाखान्यात परत द्या. कुणीतरी एकाचे दोन बघत रडकुंडीला आले असेल, आणि मी इथे कात्रीवर जळत बसले आहे!