उतरताना आपटणारा भुंगा

मित्रांनो, तीन पावसाळे पाहिलेल्या ड्रोनला जुना म्हणावं की नाही, यावर आपलं भांडण होईल. पण माझ्या जातीत तीन वर्षं म्हणजे पिकलं पानच. मी फवारणीचा ड्रोन आहे. सहा हात, दोन पाय आणि पोटाला दहा लिटरची टाकी, असा माझा सगळा संसार. कागदावर माझं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. रिद्धपूरच्या अलीकडच्या आमच्या गावात मला सगळे भुंगा म्हणतात. आज मी माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणार नाही. ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते, तीच सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की एका मोठ्या खोक्यात घालून मला गावात आणलं आणि बायकांच्या बचत गटाच्या हवाली केलं. मला उडवायला शिकली आरती. ती पंधरा दिवस अकोल्याला राहून, परीक्षा देऊन आली होती. त्याआधी गावात तिला कुणी आरती म्हणत नसे. मैनाबाईची सून, एवढीच तिची ओळख. पण रिमोट हातात आला आणि बांधाबांधावरून हाका येऊ लागल्या, "आरतीताई, उद्या आमच्या कपाशीवर या हो!"

पाठीवर पंप बांधून माणसं दिवसभर औषधाचा वास घेत फिरायची, ते काम मी दहा मिनिटांत करायचो. पहिले दोन हंगाम माझ्या पायाला ओरखडा नाही. लोक तोंड भरून कौतुक करायचे आणि मी फुगायचो. खोटं कशाला सांगू, मला गर्वच चढला होता.

मग मागच्या वर्षीचा दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, वखर, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते. आदल्या वर्षी माझी राहून गेली होती, मग या खेपेला मीच का मागे राहू? गटाच्या साऱ्या बायका जमल्या. गटाच्या अध्यक्ष मनकर्णाबाई, भारी करड्या बाई, त्यांनी पहिल्या कुंकवाचा मान घेतला. मग मैनाबाईंनी लावलं, मग बाकीच्यांनी. झेंडूची माळ, ओवाळणं, पेढा, सगळं झालं. मी तर नवरदेवासारखा ताठ उभा होतो.

तिसऱ्या दिवशी तुरीवर फवारणी होती. उडालो छान, फवारलं छान. उतरताना मात्र डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली. जमीन अजून पुरुषभर खाली आहे असं वाटलं आणि त्याच वेगात मी धाडकन आपटलो. एक पाय मोडला, दोन पाती तुटली. आरती धावत आली. तिचा चेहरा पाहून मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मला अमरावतीला राजापेठेत अजहरभाईंच्या दुकानात नेलं. खाली दुकान, वर शिकवणी वर्ग, दारात गाड्यांची ही गर्दी. अजहरभाई शांत माणूस. त्यांनी पाय बदलला, पाती बदलली, दुकानामागच्या मोकळ्या जागेत मला उडवून उतरवलं. मी नीट उतरलो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी आलो तर मैनाबाई दारातच ताम्हण घेऊन उभ्या. "बरा होऊन आला बापा माहा भुंगा," म्हणाल्या. मला ओवाळलं, कुंकू लावलं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आपटलो! आणि तेही साऱ्या गटासमोर. टाकीतलं उरलेलं पाणी मनकर्णाबाईंच्या नव्या लुगड्यावर उडालं, ते वेगळंच.

"काकू, जागा जराशी वाकडी होती," आरती हळूच म्हणाली.

"हो ना व, नाचता येईना अंगण वाकडं!" मनकर्णाबाई कडाडल्या. "आरते, गटाचं यंत्र हाये थे, तुह्या घरचं डबडं नाई. आता आणखीन एकडाव आपटलं, का रिमोट अकोल्याच्या त्या ड्रोनवाल्या नितेशच्या हाती. थो येईन, फवारून जाईन. तू आपली घरी राह्य."

त्या दिवशी आरती रिमोट पुसत कितीतरी वेळ ओट्यावर बसली होती. मित्रांनो, मला तोंड नाही. तोंड असतं तरी मी काय सांगणार होतो? अंधारी का येते ते माझं मलाच कळत नव्हतं. वाटलं, म्हातारपण आलं. माझ्यापायी या पोरीचं नाव जाणार, या विचारानं मी आतून करपत होतो.

पुन्हा राजापेठ. अजहरभाईंनी या वेळी माझं काही म्हणता काही सोडलं नाही. मोटारी तपासल्या, बॅटरी बदलून पाहिली, माझ्या पोटातल्या नोंदी लॅपटॉपवर काढल्या. तिथं एवढंच होतं की उतरताना उंची समजली नाही. का समजली नाही, ते कुठे लिहिलेलं असतं? त्यांनी मला पाच वेळा उतरवलं आणि पाचही वेळा मी शहाण्या मुलासारखा उतरलो. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार चालला होता.

"ताई, इथं तं एकदम बराबर उतरून राह्यला," अजहरभाई डोकं खाजवत म्हणाले.

"मंग गावातच काहून आपटते, भाऊ?" आरतीनं विचारलं.

"जिथं दुखते तिथंच पाहा लागन. मी येतो तुमच्या संग."

आणि दुकान भावाच्या भरवशावर टाकून ते खरंच आले. वावराच्या कडेला मला गाडीतून काढून खाली ठेवलं. मनकर्णाबाई चार बायकांना घेऊन येताना लांबून दिसत होत्या. तेवढ्यात मैनाबाई ताम्हण घेऊन पुढे आल्या.

"थांबा बाप्पा, आंधी ओवाळू द्या. कोनाची तरी नजर लागली बिचाऱ्याले." त्यांनी मला ओवाळलं, खाली वाकल्या आणि ओलं कुंकू अंगठ्यानं माझ्या पोटाखाली दाबून लावलं. "याले कपाळ तं नाई. मंग मी या गोल काचेलेच लावते. पाहा ना, कशी मधोमध हाये!"

अजहरभाई जागच्या जागी थिजले. ती गोल काच म्हणजे माझा खालचा डोळा. उतरताना जमीन किती लांब आहे, ते मी त्याच डोळ्यानं पाहतो.

"मावशी," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "दुकानात पाठवतानी कुंकू नसते याले?"

"असं कसं पाठवीन? चांगलं घासूनपुसून देते. लोकायच्या दारात आपली वस्तू मळकी गेली, तं घराची लाज जाते."

झालं! दुकानात जाताना डोळा स्वच्छ, घरी आलो की पुन्हा बंद. एवढं साधं कोडं होतं. पण अजहरभाई त्यांना काही बोलले नाहीत. पाय तपासतो असं दाखवून ते खाली वाकले, रुमालानं काच पुसली आणि रुमाल खिशात घातला. आरतीनं मला उडवलं. एक चक्कर, दोन चकरा, आणि तव्यावर भाकर टाकावी तसा मी अलगद उतरलो.

"काय बिघाड होता म्हनते?" तोवर जवळ येऊन पोचलेल्या मनकर्णाबाईंनी विचारलं.

"काई नाई मावशी, याच्या डोळ्यावर धूळ बसली होती."

भल्या माणसानं मैनाबाईंची लाज राखायला थाप मारली, पण ती जाऊन बसली आरतीच्या मानेवर.

"धूळ? म्हंजे पुसाचीबी अक्कल नाई हिले!" मनकर्णाबाईंचा हात पुढे आला. "आन तो रिमोट इकडं."

आरतीनं मान खाली घातली आणि रिमोट पुढे केला. अजहरभाई मोठ्या पेचात पडले. आता खरं बोलावं तर एका म्हातारीचा चारचौघींत पाणउतारा, न बोलावं तर या पोरीचं नुकसान. त्या घडीला मला स्वतःची इतकी शरम वाटली, की आपले तुकडे भंगारात गेले असते तर बरं, असं वाटलं.

मैनाबाईंची नजर मात्र अजहरभाईंच्या खिशावर होती. रुमालाचं लाल टोक बाहेर आलं होतं. त्या पुढे झाल्या, त्यांनी तो रुमाल ओढून काढला आणि सगळ्यांसमोर उलगडला.

"धूळ नोती व, मनकर्णा. माहं कुंकू होतं. दर येळी मीच लावलं, माह्या हातानं. अजहर माही लाज राखून राह्यला. पोरीचा काईच दोष नाई." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. "मायेनं लावलं, आन आंधळं करून टाकलं त्याले."

मनकर्णाबाई त्या लाल डागाकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"मायबाई! मंग दसऱ्याले तं पयलं बोट माहंच होतं!"

एका बाईला हसू फुटलं आणि मग सगळ्याच हसल्या. मैनाबाईसुद्धा पदराआडून रडता रडता हसल्या. मनकर्णाबाईंनी आरतीचा पुढे आलेला हात, रिमोटसकट, मागे ढकलला. "ठेव तुह्यापाशीच," म्हणाल्या. "आन मले काय पाह्यतं? उद्या माह्या वावरात ये."

तेव्हापासून मी एकदाही आपटलो नाही. तरी लाज गेलेली नाही. कुंकू लागलं की मी किती मिरवायचो! त्या मिरवण्यात आरतीचा रिमोट जवळजवळ गेलाच होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल, मोटर असेल, एखादं मुकं जनावर असेल. त्याच्यावर माया जरूर करा, आम्हाला ती हवी असते. पण त्याला दिसतं कुठून, श्वास कुठून येतो, दुखतं कुठे, एवढं आधी विचारून घ्या. आम्हाला सांगता येत नाही हो.

यंदाच्या दसऱ्याला मैनाबाई ताम्हण घेऊन आल्या आणि आरतीला म्हणाल्या, "आंधी याचा डोळा दाखव मले." आरतीनं दाखवला. मैनाबाईंनी डाव्या तळव्यानं तो झाकून धरला आणि उजव्या हातानं कुंकू लावलं, माझ्या मोडून बसवलेल्या पायाला.