दोघांचं टेबल

झरीच्या अलीकडं किशनरावांनी कापसाचं रान मोडून ‘रानगंमत’ पार्क काढलं, तेव्हा त्यात पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, बैलगाडीची चक्कर होती, बॅटरीवर शेपूट हलवणारी फायबरची म्हैससुद्धा होती. जेवायच्या जागेचा विचार तेवढा राहून गेला होता. पत्र्याचं एक शेड आणि त्याखाली लग्नातल्यासारख्या लांब टेबलांच्या दोन ओळी, झालं. पहिल्याच रविवारी दुपारी घसरगुंड्यांचं पाणी बंद झालं आणि सगळी परभणी ओल्या कपड्यांनिशी एकदम जेवायला आली. ज्यांना खुर्ची मिळाली ते जेवले. ज्यांना मिळाली नाही ते जेवणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहून त्याच्या ताटात किती भात उरलाय ते बघत राहिले. लग्नात खुर्ची धरायची आपली रीत हीच. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला आपल्या मानेवर दुसऱ्याचा श्वास नको असतो.

म्हणून साक्षी आली. चुडाव्याच्या गुरुजींची मुलगी, संभाजीनगरात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. तिनं घसरगुंड्या एकदम बंद न करता एकेक करून बंद करायला लावल्या, हात धुवायचे नळ दारातून काढून मागच्या भिंतीला नेले, आणि भाकरीच्या चुली मधोमध, सगळ्यांना दिसतील अशा मांडल्या. किशनरावांनी सगळ्याला मान डोलावली. अडले ते एकाच ठिकाणी.

“हे काय, दोघांचं टेबल?” नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले. “मॅडम, परभणीत दोघंच कधी जेवायला जातेत का? नवं लगीन झालेलं जोडपं आलं तरी संग सासू, नणंद अन् दोन भाचे असतेत.”

“भाचे आले तर टेबलं जोडू की. पण दोघंच आली तर चौघांचं टेबल अडवून बसतात, त्याचं काय?”

“तिथं कुल्फीची गाडी मस्त बसंल.”

“महिनाभर बघा. रिकामी राहिली तर मीच काढून देते.”

हे बोलणं चुलीपाशी धुरपताबाईंच्या कानावर पडलं आणि भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. शेजारच्या चुलीवरच्या रुख्मिणीनं वर पाहिलं, कारण तो हात मधेच थांबलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

धुरपताबाई पेडगावच्या. पार्कात भाकरीचा सगळा कारभार त्यांच्याकडं. आणि फाटकावर फेटा बांधून “या पाव्हणं, या” म्हणणारा जो ‘गावचा पाटील’, तो त्यांचा नवरा, माणिकराव. पाटीलकीशी माणिकरावांचा काही संबंध नव्हता, पण मिशी अशी होती की उद्घाटनाला आलेले एक खरे पाटील तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि मग आपणच नमस्कार करून आत गेले.

संध्याकाळी चुली विझल्यावर धुरपताबाईंनी साक्षीला गाठलं.

“ताई, त्या टेबलाला खुर्च्या दोनच?”

“दोनच, मावशी.”

“समोरासमोर?”

“समोरासमोर. का हो?”

धुरपताबाईंनी पदरानं हात पुसले, पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. “मला ह्यांच्यासमोर बसून एकदा जेवायचं हाय.”

साक्षीला आधी हसू आलं. “घरी नाही बसत?”

“घरी त्यांना भाकर तव्यावरनं ताटात लागती. निवलेली चालत न्हाई. मग मी चुलीम्होरं, ते ताटावर. त्यांचं उरकलं की ते ओट्यावर जातेत, मग मी बसते, भिताडाकडं तोंड करून.”

“आणि शेतात?”

“शेतात ते गड्यांच्यात, मी बायांच्यात. लगनात गड्यांची पंगत आधी. आता पोरं पुण्याला गेली, घरात आमी दोघंच, तरी तेच चालू हाय. त्यांनी अडवलं न्हाई बरं का ताई, मीच कधी म्हणलं न्हाई. पर माझ्या तोंडात घास अन् म्होरं त्यांचं तोंड, असं कधी झालंच न्हाई बघा.”

एरवी माणिकरावांची जमेची बाजू चांगली भक्कम होती. पीत नव्हते, हात उचलत नव्हते, बाजारातून येताना न सांगता जिलेबी आणत. असल्या नवऱ्याच्या बायकोनं एवढ्याशा गोष्टीसाठी जीव टाकावा, हे पेडगावात कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर बाया पाणवठ्यापर्यंत हसत गेल्या असत्या. साक्षी परक्या गावची, म्हणून तिला सांगितलं.

टेबलं आली. भिंतीकडेला चार, प्रत्येकाला दोन खुर्च्या. धुरपताबाई चुलीपाशी बसून त्यांच्यावर नजर ठेवू लागल्या. कॉलेजची पोरं-पोरी यायची, तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडून आधी चारी बाजूंना बघायची, मग जेवायची. एकदा एक रिटायर झालेले कारकून बायकोला घेऊन आले. दोघं सगळं जेवण होईपर्यंत वीजबिलावरनं भांडत होते.

“ती त्याच्या ताटातलं लोणचं घ्यायली बघ,” धुरपताबाई पुटपुटल्या.

“मावशी, भाकर करपायली,” रुख्मिणी म्हणाली.

“भांडायलेत अन् तिकडून लोणचं घ्यायली. इचारलंबी न्हाई त्याला.”

“मावशी, भाकर!”

मधेच एकदा किशनरावांची माणसं कुल्फीची गाडी ढकलत भिंतीकडं आली. धुरपताबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं, “ठिवा की. चुलीची झळ लागून सगळी पातळ होईल, मंग मालकाला तुमीच सांगा.” गाडी आली तशी माघारी गेली. झळ तिथवर पोचत नव्हती, पण उभं राहून बघायला कुणाला वेळ होता?

शेवटी एक बुधवार गर्दी कमी असलेला आला. साक्षी फाटकावर जाऊन माणिकरावांना म्हणाली, “काका, आज मावशींना त्या टेबलावर बसून जेवायचंय. पाहुणे गेले की या. तुमच्याशिवाय व्हायचं नाही ते.”

“एवढंच ना?” माणिकराव म्हणाले आणि लगेच फेटा नीट केला. शहाण्या माणसाला अर्ध्या बोलण्यात पुरं कळतं, असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता.

धुरपताबाईंनी तोंड धुतलं, धुतलेली साडी नेसल्या आणि भिंतीकडच्या टेबलावर येऊन बसल्या. रुख्मिणीनं दोन ताटं मांडली. इकडं एक, तिकडं एक. माणिकराव आले. त्यांनी दोन्ही ताटांकडं पाहिलं आणि आपल्या बाजूचं उचलून रुख्मिणीच्या हातात दिलं.

“हे कशाला? ने. अन् ती भाकरीची दुरडी आण हिकडं.”

“अवं, बसा की,” धुरपताबाई म्हणाल्या.

“मी कशाला? तू बस निवांत. जल्म गेला तुझा वाढण्यात. आज मी वाढतो.”

आणि माणिकराव वाढू लागले. पिठलं वाढलं, ठेचा वाढला, येसराची आमटी वाटीच्या काठापर्यंत ओतली. ताटातली भाकर निवलीय हे हात लावून पाहिलं, ती काढून घेतली आणि स्वतः चुलीवर जाऊन तव्यावरची आणली. बोटं भाजली तर फुंकर मारत आणली. “अर्धी घे अजून. माझ्या गळ्याची आण हाय तुला.” उरलेसुरले पाहुणे खुर्च्या फिरवून बघू लागले. मोबाईल निघाले. एका बाईंनी आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं, “शिका जरा.” किशनराव काउंटरवरून ओरडले, “माणिकराव, हे रोज करायचं बरं का! रविवारी दोनदा!”

माणिकराव चुलीकडं वळले की धुरपताबाई समोरच्या खुर्चीकडं बघायच्या. ते परत आले की ताटाकडं. घास लहान लहान करत चालल्या होत्या.

“तुमीबी घ्या की जरा. बसा.”

“तुझं होऊ दे. वाढणारानं मधी बसू न्हाई.”

हा नियम धुरपताबाईंचाच. इतकी वर्षं त्या स्वतःच हे पाळत आल्या होत्या. खांबाशी उभी राहून साक्षी ओठ चावत होती. मधे पडावं तर आता इतक्या लोकांदेखत काय सांगायचं? माणिकरावांचा चेहरा तर असा उजळला होता, जसा थोरल्याच्या बारशाला उजळला असेल.

ताटात एक घास उरला. तेवढ्यात माणिकरावांनी दुरडी खाली ठेवली, दस्तीनं घाम टिपला आणि समोरच्या खुर्चीत बसले.

धुरपताबाईंनी घाईनं तो घास तोंडात घातला आणि वर पाहिलं. समोर माणिकराव होते. मिशीला पीठ लागलं होतं. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक आहे हे त्यांना आज दिसलं.

“लय भूक लागली गं,” माणिकराव म्हणाले.

रुख्मिणीनं पिठाचा गोळा हातात घेतला. “मावशी, तुमी बसा. मी करते.”

“हिची जाड होती,” धुरपताबाई घास गालात सारत म्हणाल्या. “जाड त्यांना चालत न्हाई.”

त्या उठल्या आणि चुलीपाशी गेल्या. परातीत पीठ घेतलं, भाकर थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाकर फुगेपर्यंत त्या धुराआडून टेबलाकडं बघत राहिल्या. तोवर त्यांनी तो घास गिळला नव्हता.