शुक्रवारचं डिझेल

"चाचा, या ओळी तुम्हीच भरल्यात ना?" ऑफिसातल्या वैदेहीनं जनरेटरचं रजिस्टर पुढं सरकवलं, तशी मोहियोद्दीननं मान हलवली.

वाळूजच्या त्या बोल्टच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं जनरेटर सांभाळत होता. बोल्ट जर्मनीला जायचे. तिकडं युरोपातले सत्तावीस देश कोळसा की वारा यावर वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी एकदाचे राजी झाले: बाहेरून येणाऱ्या लोखंडानं किती धूर केला, ते कागदावर दाखवायचं. त्या भांडणात मोहियोद्दीनला कुणी विचारलं नव्हतं. पण कागद त्याचाच होता. आणि तो तर दर शनिवारी चहा पिता पिता अख्ख्या आठवड्याच्या नोंदी एका दमात भरायचा. रोज नव्वद लिटर डिझेल. शुक्रवारीसुद्धा! शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते, हे लिहिताना त्या भल्या माणसाच्या कधी ध्यानातच आलं नाही.

"साडेतीनला हा हिशेब तपासायला जर्मन साहेब पडद्यावर येतील," मॅनेजर अनंतराव म्हणाले. "शुक्रवारी दुरुस्तीसाठी चालवला म्हणा. ऑर्डर गेली तर भट्टी बंद. तुमचा अफजल भट्टीवरच आहे, विसरू नका."

विसरतोय कसला! पोरगा नुकताच बाप झाला होता. मोहियोद्दीन टँकरचं मचूळ पाणी दोनदा प्यायला.

जर्मन साहेब तरुण निघाला, हसतमुख. त्याचीच जास्त भीती वाटली.

वैदेही म्हणाली, "विचारतायत, शुक्रवारी दुपारी जनरेटरजवळ तुम्ही स्वतः होता का?"

अनंतराव डोळे वटारून बघत होते. मोहियोद्दीननं रजिस्टर मिटलं.

"नाय मॅडम. जुम्म्याला मी मशिदीत असतो. त्या टाइमाचं झूट नाय बोलवत. आकडे मी अंदाजानंच टाकले. सगळेच."

वैदेहीनं शब्द न् शब्द साहेबाला इंग्रजीत सांगितला. साहेबाचं हसू मावळलं.

महिन्याभरात ऑर्डर गेली, भट्टी थंडावली. अफजल पाण्याच्या टँकरवर लागला. दुष्काळात त्या कामाला तोटा नव्हता. बापाशी तो आता कामापुरतंच बोलतो.

मोहियोद्दीनला काढलं नाही. उद्या काढतील, ही धास्ती मात्र रोज त्याच्यासोबत गेटातून आत येते. तरी संध्याकाळी पाच वाजता तो चष्मा लावून बंद जनरेटरचं मीटर दोनदा वाचतो, रजिस्टरात त्या दिवसाच्याच ओळीवर 'शून्य' लिहितो आणि पुढं पूर्ण नावानं सही करतो.